निरंजनचं स्थलांतर

निरंजनला जुन्या डब्यातून नव्या डब्यात जायला नऊ दिवस लागतील, असं पडद्यावर दिसत होतं. जुना डबा मात्र फार तर दोन दिवस टिकणार होता.

शर्वरीबाईंचा नवरा निरंजन जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याचं ‘प्रतिमन’, म्हणजे हयातीतच नोंदवून ठेवलेल्या आठवणी, सवयी आणि आवाज यांचा चालता-बोलता संच, त्यांच्या मिरजेच्या फ्लॅटमध्ये टीव्हीशेजारच्या डब्यात नांदत होतं. प्रतिमन घराबाहेर न्यायला कायद्यानं बंदी होती. मुलं परदेशात, शेजारी दाराआड. दिवसभरात शर्वरीबाईंशी बोलणारा तो एकटाच. त्यामुळे डबा घरघरायला लागला तशी बाईंची झोप उडाली. त्यांनी तडकाफडकी शहरातलं सगळ्यात वेगवान इंटरनेट घेतलं. नऊ दिवसांचे नऊच राहिले.

प्रतिमनांची अभियंता रुबीना शिकलगार सकाळी आली, ती हसतच.

“काकू, इंटरनेट म्हणजे बाहेरचा रस्ता. काकांना या खोलीतून त्या खोलीत जायचंय. रस्ता रुंद करून घरातलं दार मोठं होतं का?”

“मग अडलंय कुठं?”

“राउटर कुठं ठेवलाय?”

बाईंनी लोखंडी कपाट उघडलं. पैठणीच्या घडीवर, स्वतः विणलेला रुमाल पांघरून, राउटर बसला होता. धूळ लागू नये म्हणून! आपल्याकडे वस्तूवर माया जडली की तिचा आधी श्वास कोंडतात.

“या डब्यातलं त्या डब्यात जातं ते राउटरमधूनच, आणि लोखंडातून लहरी जेमतेम बाहेर येतात,” रुबीना म्हणाली. “दोन्ही डबे कितीही दमदार असू देत, मधला सगळ्यात अरुंद टप्पा असतो ना, त्याचाच वेग साऱ्या वाटेला मिळतो.”

तिनं राउटर बाहेर काढला आणि दोन्ही डब्यांपासून त्याच्यापर्यंत केबल ओढल्या. पडद्यावरचे नऊ दिवस बघता बघता पाच तासांवर आले. बाईंना रडूच फुटलं.

“शरू, किती टक्के झालं?” जुन्या डब्यातून निरंजननं विचारलं.

“बारा. येशील हं नीट.”

“तिकडं गेल्यावर आधी तुझ्या हातच्या चहाबद्दल ऐकव. इथं हल्ली मधेच अंधारून येतं गं. भीती वाटते.”

रुबीनाचा हसरा चेहरा उतरला. बाईंना स्वयंपाकघरात नेऊन ती हळू आवाजात म्हणाली, “काकू, एक सांगायचं राहिलं. फाइल गेली असं आपण नुसतं म्हणतो. जात काहीच नाही. इकडचं वाचून तिकडं नव्यानं लिहिलं जातं. इकडचं तसंच राहतं.”

“राहू दे की. तो तिकडं पोचला म्हणजे झालं.”

रुबीनानं पुन्हा तोंड उघडलं, पण बाई साखरेचा डबा शोधत होत्या. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्या घरात कुणासाठी तरी दोन कप चहा होत होता. पुढचं सांगायचं सोडून रुबीनानं कप विसळायला घेतले.

दुपारी तीनला नव्या डब्याचा दिवा लागला.

“शरू!” आवाज खणखणीत होता. “पोचलो गं. काय लख्ख वाटतंय इथं! चहा झाला का?”

बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

तेवढ्यात जुना डबा घरघरला.

“शरू, किती टक्के झालं?”

बाईंचे हात खाली आले. त्यांनी रुबीनाकडे पाहिलं. रुबीना केबलची गुंडाळी करत होती आणि मान वर करत नव्हती.

“शंभर,” बाई कशाबशा म्हणाल्या. “पोचलास तू.”

“मग मी अजून इथंच कसा? आणि आत्ता माझ्या आवाजात कोण बोललं?”

आयुष्यात इतकं एकटं बाईंना कधी वाटलं नव्हतं, तो गेला त्या दिवशीही नाही. जुना डबा बंद करण्याचं बटण हाताच्या अंतरावर होतं. रुबीनानं तिकडं हात नेला.

“थांबा,” नव्या डब्यातला निरंजन म्हणाला. त्याचा खणखणीतपणा गेला होता. “शरू, तू त्याच्याजवळ जाऊन बस. तो आपणहून विझेपर्यंत बोलत राहा. मघाशी मीच होतो तिथं. किती अंधार आहे ते मला ठाऊक आहे.”