इथे लागतंय

जेवण झालं की भांडी घासून पालथी घालायची, तासभर आडवं व्हायचं आणि उठल्यावर पुन्हा लेथवर उभं राहायचं, असा त्याचा दिवस ठरून गेला होता. पाणीपुरवठ्याच्या पंपांवर मेकॅनिक म्हणून आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर त्याने घरामागची पत्र्याची खोली मोकळी केली, लाकूड कातायचा एक जुना लेथ आणून बसवला आणि वाडगे करायला लागला. विकायचे नाहीत. गल्लीत कुणी नवीन राहायला आलं की एक नेऊन द्यायचा. सगळे त्याला मिस्त्री म्हणत.

बायको जाऊन वर्ष होत आलं होतं.

कामाची त्याची रीत पक्की होती. तुकडा आधी बाहेरून गोल करायचा, मग आतून कोरायचा. धार गेलेल्या पटाशीला जोर द्यायचा नाही. लेथ थांबवून तिला दगड दाखवायचा. पॉलिश पेपर जाड्यापासून बारीकपर्यंत, मधला एकही न गाळता. शेवटी पाण्याचा हात. ओल्या फडक्याने वाडगा पुसला की लाकडाचे केस उभे राहतात; वाळल्यावर ते घासून काढायचे, तेव्हा कुठे तेल. एवढं करूनही प्रत्येक वाडग्यात एखादी जागा अशी राहते, जिथे लाकडाच्या रेषा हत्याराला उलट्या आलेल्या असतात. तिथे खरखर उरते. डोळ्यांना दिसत नाही.

बायकोला ती सापडायची. तो दुपारी झोपला की ती मागच्या खोलीत जायची, स्टुलावर बसून वाडगा मांडीवर घ्यायची, डोळे मिटायची आणि कडेपासून तळापर्यंत अंगठा फिरवायची. लेकीच्या शाळेपासून उरलेलं निळ्या पेन्सिलीचं एक थोटूक होतं. खरखर लागली की तिथे त्या थोटकाने एक गोल. गोल पुरा झाला तरी पेन्सिल उचलायला तिला जरा उशीर व्हायचा, म्हणून प्रत्येक गोलाला एक बारीक शेपूट असायचं. तो उठून आला की ती चहा घेऊन दारात उभी.

"अहो, इथे लागतंय."

"काही लागत नाही. भांडी घासून तुझा अंगठाच खरबरीत झालाय."

"मग घासा ना तुम्ही भांडी."

आता तोच घासत होता.

पहिला गोल दिसला तेव्हा तो घाबरला वगैरे नाही. दुपारी उठून आला, दिवा लावला, वाडगा हातात घेतला, तर आतल्या बाजूला निळा गोल. शेपटीसकट. तिने पूर्वी कधी केलेला असेल, असं त्याच्या मनात आलं. मग त्याने वाडगा खाली ठेवला. हे लाकूड त्याने सकाळीच कोरलं होतं. सकाळपर्यंत ही बाजू ओंडक्याच्या पोटात होती.

त्याने गोलावर अंगठा फिरवला. खरखर होती.

घरात जाऊन त्याने कपाट उघडलं. तिचा चष्मा, दोन पिना आणि ते थोटूक एका पत्र्याच्या डबीत होतं. जागच्या जागी. त्याने डबीचं झाकण दाबून बसवलं, कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली बनियनच्या आत दोऱ्याला बांधली. पुढच्या वाडग्यावरही गोल आला.

मग त्याने स्वतःवर संशय घेतला. झोपेत उठत असेन, म्हातारपणी काय काय होतं. एका फळीवर त्याने स्वतः गोल काढून पाहिला. तो वॉशरसारखा आला, काटेकोर, तोंड मिटलेला. शेपूट मुद्दाम काढलं, तर ते मुद्दाम काढलेलंच दिसलं.

शेजारचा शिंपी संध्याकाळी कुंपणापाशी यायचा. मापं घेता घेता गल्लीच्या सगळ्या बातम्या त्याच्याकडे जमायच्या.

"आलात का भुशात लोळून?" शिंपी म्हणाला. "मिशीला सुद्धा पॉलिश मारलेलं दिसतंय."

त्याने वाडगा पुढे केला. "हे तुम्ही केलंत का? थट्टा म्हणून?"

शिंप्याने वाडगा उजेडात धरला. हसू हळूहळू उतरलं.

"माझ्या खुणा खडूच्या असतात, मिस्त्री. झटकल्या की गेल्या." त्याने गोलावरून नख फिरवलं. "ही तर वहिनींची…"

वाक्य तिथेच सोडून त्याने वाडगा परत दिला. परत देताना तो फक्त कडेला धरला. त्यानंतर शिंपी कुंपणापाशी कमी यायला लागला.

माणूस कशालाही सरावतो. सरावतो काय, वाट बघायला लागतो. दिवसभर त्याच्याशी बोलणारं कुणी नव्हतं. रेडिओ बोलायचा, पण तो त्याच्याशी नव्हे. दुपारी झोप आली नाही तरी तो डोळे मिटून पडून राहायचा, लहान मूल झोपेचं सोंग घेतं तसा. मागच्या खोलीकडे कान द्यायचा नाही. आवाज ऐकू आला तर उठून बघावं लागेल, आणि बघितलं तर हे बंद होईल, असं त्याला वाटायचं.

लेकीचा फोन दर रविवारी यायचा. तिच्या घरी त्याच्यासाठी खोली तयार होती. लेथला मात्र जागा नव्हती.

"गॅलरीत बसवला तर?"

"बाबा, गॅलरीत कपडे वाळत घालायचे तर एका माणसाला आत यावं लागतं. तुम्ही पण ना! आणि तिथे एकटे काय करता हो दिवसभर?"

"एकटा कुठे," तो बोलून गेला.

"म्हणजे?"

"शिंपी असतो ना."

हळूहळू तो लबाडी करायला शिकला. तिला काहीतरी सापडावं म्हणून एखादी जागा तशीच खरबरीत सोडायचा. आयुष्यभर ज्याने एक पेपर गाळला नाही, तो आता मुद्दाम दोन गाळायचा. गोल बरोबर तिथे यायचा. तो हसून तेवढी जागा घासून टाकायचा आणि म्हणायचा, "झालं समाधान?"

एकदा तसं झालं नाही. त्याने कडेला ओरखडा सोडला होता. गोल आला तो तळाजवळ, जिथे लाकूड काचेसारखं गुळगुळीत होतं. त्याने अंगठा फिरवला, मग डोळे मिटून फिरवला, गालाला लावून पाहिलं. काहीच नाही.

"चुकलीस," तो म्हणाला. किती दिवसांनी तो असा खुशीत होता. त्याने गोल पुसून टाकला.

सकाळी शेवटचा हात द्यायला वाडगा लेथवर चढवला आणि मोटर वेगात आली, तेव्हा तो फुटला. एक तुकडा तोंडावरच्या जाड काचेवर आदळून छताला गेला. पत्रा बराच वेळ वाजत राहिला.

त्याने मोटर बंद केली आणि तुकडे गोळा केले. वाडगा तळाजवळच फुटला होता. आत काळी पडलेली एक चीर होती, जुनी, पृष्ठभागापर्यंत न आलेली. हात कितीही फिरवला असता तरी ती लागली नसती.

त्याने खोली झाडली. लाकडाच्या भुशात एक पातळ, कुरळी साल सापडली. तिला निळी कड होती.

कुलूप तसंच होतं. किल्ली दोऱ्यालाच होती. डबीतलं थोटूक नखाएवढं उरलं होतं आणि त्याला टोक काढलेलं होतं.

त्यानंतर त्याने लबाडी सोडली. लेकीसाठी म्हणून एक वाडगा घेतला आणि जीव ओतून केला. सगळे पेपर, पाण्याचा हात दोनदा, मग तेल. दुपारी उठून बघितलं. गोल नव्हता. दुसऱ्या दिवशी नव्हता, त्यानंतरही नव्हता. त्याने वाडगा उलटसुलट करून खिडकीशी नेला, नुसतं लाकूड दिसलं. मग कडेवर पटाशी टेकवून पुन्हा ओरखडा काढावा असं त्याच्या मनात आलं. पटाशी हातात घेतली, आणि ठेवून दिली.

त्या संध्याकाळी त्याने आपण होऊन फोन केला.

"ये मला न्यायला," तो म्हणाला. "इथलं काम संपलं."

लेक आली ती घरात वारं शिरल्यासारखी. कपडे, औषधं, कुकर, सगळं खोक्यांत भरलं. लेथ शिंप्याकडे ठेवायचं ठरलं. शिंपी हो म्हणाला, पण खोलीत आला नाही, दारातूनच बघून गेला. जेवणं झाल्यावर लेक म्हणाली, "पडा जरा बाबा, चारला निघू," आणि तो पडला. बऱ्याच महिन्यांनी त्याला गाढ झोप लागली.

उठला तेव्हा ऊन कलत होतं. शेवटचं बघून घ्यावं म्हणून तो बनियनवरच मागच्या खोलीत गेला. लेक त्याचा शर्ट घेऊन मागोमाग आली.

"हा घाला. हे स्टूल घ्यायचंय का?"

"राहू दे."

"हात वर करा बघू." ती थांबली. "बाबा, पाठीला काय लागलंय?"

"कुठे?"

"इथे. डाव्या खांद्याच्या खाली, बनियनच्या कडेला." तिने बनियन जरा खाली ओढला. "निळं काहीतरी आहे. गोल."

तो लेथच्या थंड लोखंडाला धरून उभा राहिला.

"शेपूट आहे त्याला?"

"काय?"

"गोलाला. शेपूट आहे?"

ती वाकून बघत म्हणाली, "आहे. तुम्हाला कसं कळलं?" मग थुंकी लावून बोटाने घासलं. "जात नाहीये. दुखतंय का तिथे?"

"नाही. काहीच नाही."

"थांबा, ओलं फडकं आणते."

तो थांबला. समोर खिडकीत लेकीचा वाडगा होता, तेलाने चमकत. त्याने डोळे मिटले. पाठीवर अंगठा फिरत होता, सावकाश, गोलाच्या कडेने आणि मग मधून. जरा खरबरीत होता.

स्वयंपाकघरात नळ सुटल्याचा आवाज आला.

"बाबा," लेक तिकडून ओरडली, "फडकं कुठे ठेवता हो तुम्ही?"

अंगठा थांबला. मग एका जागी दाबला गेला.

"लागतंय," तो हळूच म्हणाला. वळून त्याने पाहिलं नाही.