बोडीतल्या माशांचा श्वास

पाणी उत्तम आणि मासे मेलेले. हे कोडं धानीला सुटत नव्हतं, आणि तिच्या आत्याच्या अंगात ते सोडवण्याइतकी ताकद उरली नव्हती.

आत्या म्हणजे ज्योत्स्ना मारबते. ढिवरवस्तीतल्या (मासेमारांच्या वस्तीतल्या) बायकांच्या गटाची बोडी (छोटं तळं) तीच सांभाळायची. अधूनमधून एखाद्या सकाळी रोहू-कटले पोट वर करून तरंगत. आत्या ते जाळ्याने ओढून काढी आणि खड्ड्यात पुरी. पलीकडच्या वस्तीतलं कुणीतरी विष टाकतं, असं बायका म्हणत. आणखी एकदा मासे मेले तर बोडी सोडायची, हेही ठरून गेलं होतं.

बोडीवर एक यंत्रमानव तरंगत असे. पाठीवर सौरपट्टी (उन्हापासून वीज करणारी काच), पोटात मोजणीची नळी. कागदोपत्री तो जलरक्षक. आत्या त्याला टमरेल म्हणायची. रोज भर दुपारी तो पाणी मोजायचा आणि म्हणायचा, पाणी उत्तम. तो आकडा मत्स्यखात्याच्या कचेरीत जायचा. तिथले साहेब खूश व्हायचे, कारण मेलेला मासा त्यांच्या टेबलापर्यंत पोचतच नव्हता.

त्या दिवशी आभाळ दिवसभर भरलेलं होतं. संध्याकाळी धानी काठावर बसली आणि तिने यंत्राला विचारलं की, मासे पहाटे मरतात तर तू दुपारी काय मोजतोस?

यंत्र म्हणालं, विरघळलेला ऑक्सिजन. म्हणजे पाण्यात मिसळून राहिलेला प्राणवायू. मासे कल्ल्यांनी तोच ओढून घेतात. मग त्याने तिला सावकाश समजावलं. बोडीचं पाणी हिरवं दिसतं ते शैवालामुळे (डोळ्यांना सुटे न दिसणारे इवलेसे हिरवे जीव). ऊन असेपर्यंत शैवाल ऑक्सिजन तयार करतं, म्हणून दुपारी पाणी भरलेलं असतं. अंधार पडला की तयार करणं बंद, श्वास घेणं मात्र चालूच. शैवाल घेतं, मासे घेतात, तळाशी कुजणारं खाणं खाऊन जगणारे जिवाणूही घेतात. रात्रभर नुसता खर्च. उजाडताना सगळ्यात कमी उरतो, आणि आदला दिवस ढगाळ असेल तर मुळात साठाच झालेला नसतो.

धानीला राग आला.

"हे तुला माहीत होतं? मग सांगितलं का नाहीस?"

"हुकूम दुपारच्या मोजणीचा आहे. वीज दिवसाला एकाच मोजणीपुरती असते."

"पाण्यात कोण राहतं? कचेरी का मासे?"

"मासे," यंत्र म्हणालं. मग त्याने मोजणीची वेळ बदलून पहाटेची केली.

उजाडायच्या आधी धानी काठावर आली तेव्हा सगळी बोडी तोंडं उघडून वर आली होती. ओठ पाण्याबाहेर, पच्‌पच्‌ आवाज. आत्या टोपली घेऊन उभी होती. टोपलीत भाताचा कोंडा आणि ढेप (तेल काढून उरलेली पेंड). मासा तोंड वर करतो तेव्हा घास मागतो, त्याला उपाशी परत पाठवायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत. आत्याने मूठ भरली.

धानीने तिचं मनगट धरलं.

"सोड पोरी. भुकेले आहेत ते."

"भूक नाही आत्या. श्वास कोंडलाय त्यांचा. तुझा कोंडा तसाच तळाशी जाईल, कुजेल, आणि आहे तेवढाही ऑक्सिजन संपवेल."

"टमरेल शिकवतंय आता मला."

यंत्राने आकडा सांगितला. एरवी दुपारी लिटरमागे अकरा मिलिग्रॅम दाखवणारं पाणी आता दीडवर होतं. या माशांना चार-पाच तरी लागतो. आत्या आकड्याकडे नाही, पाण्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं ती गुदमरणाऱ्या जिवांच्या तोंडात घास कोंबत होती. तिची मूठ टोपलीतच सैल झाली.

मग यंत्राने सांगितलं तसा तिने बोडी भरायचा पंप लावला. बोडीचंच पाणी वर ओढून फळीवर आपटलं, म्हणजे ते फुटतं, त्याचे थेंब होतात आणि हवेतला ऑक्सिजन घेऊन खाली पडतात. थकलेल्या अंगाने ती स्वतःही कमरेइतक्या पाण्यात उतरली आणि हातांनी पाणी उडवत राहिली. शेजारच्या बायका आल्या. वेड लागलं का बाई, म्हणाल्या, आणि त्याही उतरल्या.

काही मासे मेलेच. पण ऊन वर आलं तशी उरलेली तोंडं एकेक करून खाली गेली. पाणी रिकामं दिसू लागलं.

आत्या बांधावर बसली. खाणं कमी करायचं, आभाळ आलं तर बंदच, आणि ढगाळ दिवसानंतर पंप अंधारातच लावायचा, एवढं तिने बायकांना सांगितलं. विषाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. पलीकडच्या वस्तीच्या बोडीवरही असंच एक यंत्र दुपारी जागं असतं, हे एकीला आठवलं. ती ओल्या लुगड्यानेच तिकडे सांगायला निघाली.

यंत्र म्हणालं, आजचा आकडा गेला तर कचेरी विचारेल.

"विचारू दे. दीड म्हणून सांग."

"उद्या कधी उठू?"

आत्याने डोळे मिटले होते.

"माशांच्या आधी," ती म्हणाली.