ओल्या हाताची मूठ

खरं तर मी ती सुरी कायमची कुणाच्या तरी गळ्यात मारायला निघाले होते. नेहमीचा धारवाला नेमका दुकान बंद करून कुठेतरी गेला होता, म्हणून शेजारच्या, आजवर कधी न चढलेल्या लाकूडकामाच्या दुकानाची पायरी चढले... आणि तिथे तो होता. कानामागे पेन्सिल, भुवयांवर लाकडाचा भुसा. माझ्याकडे बघायच्या आधी त्याने माझ्या हातातल्या टॉवेलच्या गुंडाळीकडे बघितलं.

"हिची मूठ बदलून हवीय," मी म्हणाले. "नाहीतर... सुरीच ठेवून घ्या."

त्याने टॉवेल उलगडला, सुरी खिडकीच्या उजेडात धरली, मुठीवरून अंगठा फिरवला, आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला. मला वाटलं, आपण काही भलतंच बोलून गेलो की काय.

"काय झालं हिला?" त्याने विचारलं.

"हिला काही नाही. मला झालं."

मी तळहात पुढे केला. अंगठ्याच्या मुळाशी टाक्यांची खूण अजून गुलाबी होती. मी जवळच्याच हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करते, हे त्याला सांगितलं. मोठा मासा कापत होते, हात ओला होता, सुरी मुठीतल्या मुठीत गर्रकन फिरली आणि मासा राहिला बाजूला. ही सुरी ताईने मला नोकरी लागली तेव्हा दिलेली. मोठ्या दुकानाच्या काचेत मांडलेली, आरशासारखी चकाकणारी शिसवी मूठ बघून तिने ती घेतली होती.

"चूक माझीच," मी म्हणाले. "लक्ष नव्हतं. सगळे तेच म्हणाले."

तो सुरी तशीच हातात धरून उभा राहिला. त्या खुणेकडे इतका वेळ बघत राहिला की मला हात मागे घ्यावासा वाटला, आणि घ्यावासा वाटलाही नाही.

"दुखतो अजून?"

"दुखत नाही. घाबरतो."

"कोण?"

"हात."

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. मग मी उरलेलं सगळंही सांगून टाकलं, का कोण जाणे. आमचे मुख्य आचारी, ज्यांना सगळे काका म्हणतात, त्यांच्या गुडघ्यांनी आता दगा दिला होता आणि मासे कापायचं टेबल ते सोडणार होते. ते टेबल मला मिळावं म्हणून मी या स्वयंपाकघरात कांदे सोलण्यापासून सुरुवात केली होती. रविवारी मालकीणबाईंसमोर मला एक अख्खा मासा कापून दाखवायचा होता. आणि हात कापला त्या दिवसापासून मी सुरीला हातच लावला नव्हता. सूप ढवळत होते, काही ना काही निमित्त काढून टेबलापासून लांब राहत होते. रविवारी हात थरथरला तर पुन्हा कांदे, आणि या वेळी कायमचे.

"रविवारपर्यंत होईल?" मी विचारलं.

"रोज यावं लागेल," तो सुरीकडे बघत म्हणाला. "मूठ ज्याची त्याच्या हातावर बघूनच करावी लागते."

घरी येईपर्यंत ते 'रोज' माझ्या डोक्यात घुमत राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्याने पाण्याची बादली तयार ठेवली होती. जुनी मूठ काढून टाकलेली, पात्याची मागची उघडी पट्टी लाकडी शिकंज्यात अडकवलेली. त्यावर त्याने शिंगाचे दोन तुकडे तात्पुरते बांधले. शिंग दिसायला देखणं, हाताला गार, आतून धुरकट रेघा गेलेलं. मी हात बादलीत बुडवला आणि मूठ धरली.

"आवळून धरा."

"धरलीय की."

"हे धरणं नाही. ही नुसती ओळख झाली."

"पहिल्याच दिवशी याहून जास्त कसं धरणार?" माझ्या तोंडून निसटलं, आणि मग मी जी बादलीकडे बघायला लागले ती मान वर करेना. त्याचे कान लाल झाले होते, निदान मला तरी तसं दिसलं. शिंग मात्र ओल्या हातात साबणाच्या वडीसारखं सटकलं.  त्याने सुरी झटकन वरच्या वर पकडली आणि कपाळावरचा घाम पुसला.

मग पितळेची मूठ झाली. ती इतकी जड होती की हिने मासा कापायचा की दंड कमवायचे, असं मी विचारलं. मग बारीक खळग्यांचं प्लास्टिक. त्याची पकड चांगली होती, पण माझा तळवा लहान, बोटं पलीकडे पोचेनात. दोनदा कापल्यासारखं केलं तर मनगटापर्यंत कळ आली. प्रत्येक वेळी तो माझ्यापेक्षा जास्त कासावीस व्हायचा. फडक्याने माझा तळहात पुसायचा, खुणेपाशी आला की फडकं एकदम हलकं व्हायचं. सगळ्या दुकानात लाकडाचा आणि जवसाच्या तेलाचा वास भरलेला असायचा. मी त्या वासासकट घरी जायचे, आणि ताई दारातच नाक वर करायची.

"मूठ बघायला कुणी रोज केस विंचरून जातं का?" ती विचारायची.

मी म्हणायचे, रविवार जवळ आलाय, मला मस्करी सुचत नाही. ते खरंही होतं. झोप लागत नव्हती. डोळे मिटले की सुरी फिरायची. आणि ती फिरायची थांबली की त्याचं ते वागणं आठवायचं... हाताकडे बघतो, खुणेकडे बघतो, डोळ्यांकडे मात्र बघत नाही. ताईचं म्हणणं, लग्न झालेलं असेल, सरळ विचारून टाक. आता मूठ बदलायला गेलेल्या माणसाने असं सरळ कसं विचारायचं, ते काही ती सांगत नव्हती.

"साधं लाकूड का नाही?" मी एकदा त्याला विचारलं. "शिसवी होती ना आधी. धरायला छान होती. कोरडी असताना."

त्याच्या हातातली कानस खाली पडली. ओल्या कामाला लाकडाचं जरा... बघू, असं काहीतरी तो पुटपुटला आणि कानस उचलायला जो वाकला तो बराच वेळ वर आला नाही.

शनिवारी संध्याकाळी मी गेले. अजून एकही मूठ ठरलेली नव्हती. तो उभाच होता. समोर टॉवेल, टॉवेलवर सुरी. मूठ बसवून तयार. मूठ अगदी साधी, मंद रंगाची, कसलीही चमक नसलेली. त्याने बादली पुढे सरकवली. मी हात बुडवला, मूठ धरली, मनगट वळवलं. सुरी हलली नाही. मी हात पुन्हा बुडवला, जोरात वळवलं. लाकडाच्या बारीक रेषा बोटांना लागत होत्या आणि सुरी जिथल्या तिथे होती.

मला रडूच आलं. आनंदाने म्हणा, दमून म्हणा. आणि मग डोळे पुसता पुसता मला ती दिसली... मुठीच्या पोटातून तिरपी गेलेली फिकट रेघ. ही रेघ मी रोज बघत आले होते.

"ही तर माझीच जुनी मूठ आहे."

"हो."

"तेच लाकूड?"

"तेच. फक्त वरचं पॉलिश खरवडून काढलं. नुसतं तेल मुरवलं." तो आज पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघत होता. "शिसव वाईट नव्हतंच. ओल्या कामाच्या सुरीला असं काचेसारखं पॉलिश चढवायचं नसतं, पाणी लागलं की हात सटकतो. ज्याने चढवलं त्याला हे माहीत होतं. पण त्या मोठ्या दुकानाला काचेत चमकणारा माल हवा होता... म्हणून चढवलं. मी चढवलं."

मी सुरी टॉवेलवर ठेवली.

"तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं?"

"हातात घेतल्याबरोबर."

"मग शिंग, पितळ... ते सगळं कशासाठी?"

"दुसरं काही चाललं असतं तर सांगावं लागलं नसतं," तो म्हणाला. "तुम्ही आपल्या वाटेने गेला असता. काहीच चाललं नाही."

मी 'चूक माझीच' म्हणाले होते आणि हा माणूस गप्प बसला होता. रोज माझा हात पुसत होता आणि गप्प होता. मी रात्र रात्र जागून स्वतःला घाबरट, वेंधळी, निकामी म्हणत होते, आणि याच्या एका वाक्याने ते सगळं थांबलं असतं. हे मी त्याला सांगितलं. आवाज चढवला नाही, चढवण्याइतकं बळच नव्हतं. तो सगळं खाली मान घालून ऐकत होता. मग मी सुरी टॉवेलात गुंडाळली आणि चालू लागले. मागून हाक येईल असं वाटलं. आली नाही, आणि त्याचाही मला रागच आला.

रविवारी स्वयंपाकघरात माझ्यासमोर दोन सुऱ्या होत्या. एक हॉटेलची, पिवळ्या प्लास्टिकच्या मुठीची, आणि एक माझी. काका म्हणाले, हवी ती घे. मालकीणबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. मासा टेबलावर, खवले पाण्याने चमकत. माझ्या तळहाताला असा घाम फुटला की बादलीची गरजच नव्हती.

त्याचा राग आला होता म्हणून मी पिवळ्या सुरीकडे हात नेला. उचलली. तीच जाड, परकी मूठ... खाली ठेवली. माणूस खोटा वागला होता, पण लाकूड काल खोटं बोललं नव्हतं. मी माझी सुरी घेतली.

पहिला काप देताना श्वास कोंडला होता. सुरी कल्ल्याखाली शिरली, कण्याला लागली, मी मनगट वळवलं... इथेच, अगदी इथेच ती फिरली होती. आताही माझं सगळं अंग तिच्या फिरण्याची वाट बघत होतं. ती फिरली नाही. मी कण्यावरून पातं ओढत शेपटापर्यंत आणलं आणि मांसाचा अर्धा भाग अलगद सुटून आला. हात थरथरत होता, पण थरथरणाऱ्या हातातही मूठ जागची हलत नव्हती. दुसरी बाजू कापताना मी श्वास घेतेय, हे माझं मलाच जाणवलं.

मालकीणबाईंनी तुकडे बोटाने उलटेपालटे करून बघितले. "टेबल हिचं," एवढंच म्हणाल्या आणि निघून गेल्या. काकांनी माझ्या डोक्यावर टपली मारली आणि नाक शिंकरायला तोंड फिरवलं.

एप्रन सोडायचंही भान न राहता मी हवा खायला मागच्या दाराने बाहेर आले, तर समोरच्या भिंतीपाशी तो. कधीपासून उभा होता कोण जाणे, खांद्यावर ऊन आलं होतं. हातात एक खोका, खोक्यात सुऱ्याच सुऱ्या.

"मिळालं?" त्याने विचारलं.

"मिळालं."

त्याने डोळे मिटले आणि भिंतीला पाठ टेकवली. मग सांगायला लागला. सकाळीच त्या मोठ्या दुकानात जाऊन पॉलिशची आपली चूक कबूल केली, उरलेल्या सगळ्या सुऱ्या परत घेतल्या, आता एकेक मूठ खरवडणार. दुकानवाल्याने पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणून सांगितलं होतं. हे सांगताना तो मला दया यावी असं काही करत नव्हता, नुसतं सांगत होता.

मला एकच विचारायचं होतं. रात्रभर तेच डोक्यात होतं.

"रोज इतका कासावीस व्हायचात... ते कशासाठी? चुकीचा घोर लागला होता म्हणूनच ना?"

"पहिल्या दिवशी त्यासाठीच," तो म्हणाला. "नंतर मूठ लवकर जमू नये असंही वाटायला लागलं, आणि तसं वाटलं म्हणून स्वतःची लाज वाटायची. काल सगळं सांगितलं तेव्हा तुम्ही पुन्हा येणार नाही, हे धरूनच सांगितलं. पण आज त्या सुरीने तुम्हाला पुन्हा लागलं असतं तर... मला घरात बसवेना."

 हाताला माशाचा वास येत होता, केसांत खवले अडकले असणार. अशा वेळी नायिकेने काय बोलायचं असतं, मला माहीत नव्हतं.

"मला अजून राग आहे," मी म्हणाले. "पुष्कळ आहे."

"असणारच."

"तो जाईपर्यंत रोज यावं लागेल."

त्याने मान वर केली. "कुणाला? तुम्हाला... की मला?"

"तुला," मी म्हणाले.

तो खोका खाली ठेवायचा विसरला आणि तसाच, सगळ्या सुऱ्यांसकट, एक पाऊल पुढे आला. मग भानावर येऊन त्याने तो भिंतीपाशी हळूच टेकवला.

"आणि राग गेल्यावर?" त्याने विचारलं.

"राग गेल्यावर," मी म्हणाले, "ये की. तेव्हा तर यायलाच हवं."