खिल्लारचे अ‍ॅव्हरेज

चाकणच्या माळावरील त्या प्रयोगशाळेत सकाळी सर्वांत आधी दिवा लागे तो डॉ. सुवर्णा पार्टे यांच्या खोलीत. इंजिन विभागाच्या प्रमुखानेच उशिरा यायचे आणि हाताखालच्यांकडून वेळेची अपेक्षा करायची, हे त्यांना मान्य नव्हते. त्या दिवशी मात्र त्यांच्या आधीच दिवा लागलेला होता आणि त्यांच्या टेबलासमोर डॉ. फिरोज इनामदार मफलर गुंडाळून बसले होते.

फिरोज हे भूशास्त्रज्ञ. कॉलेजात दोघे एका बाकावर नसले तरी एका वर्गात होते, आणि आता कारखान्यांच्या धुरांड्यांतला कर्बवायू सह्याद्रीच्या पोटात साठवणाऱ्या 'कर्बकोठार' प्रकल्पावर देखरेख ठेवण्याचे काम त्यांच्याकडे होते.

"तुमच्या शिपायाने चहा दिला, पार्टेबाई, पण साखर नाही दिली," ते म्हणाले. "तुमचा धाक साखरेलासुद्धा असावा."

"कामाचं बोल, फिरोज. इतक्या सकाळी तू माझ्या चहासाठी आलेला नाहीस."

फिरोजनी कप खाली ठेवला. "तुमच्या नव्या पिकअपबद्दल ऐकलं. अ‍ॅव्हरेज देत नाही म्हणतात."

खिल्लार ही सुवर्णाबाईंची शेवटची मोठी कामगिरी. डोंगराळ शेतीसाठी घडवलेली पिकअप, मागे शीतपेटी, आणि पुढे असे डिझेल इंजिन की ज्याचा 'स्वशोधक नियंत्रक' दर क्षणाला हवा, चढ आणि ओझे मोजून इंधनाचा थेंब न् थेंब ठरवी. लिटरला चौदा किलोमीटर, असा शब्द त्यांनी स्वतः, स्वतःच्या नावावर दिला होता.

"देत नव्हती," त्या करड्या स्वरात म्हणाल्या. "एकाच खोऱ्यात. आता देते."

"कोणत्या खोऱ्यात?"

"आडवलीच्या."

फिरोजनी मफलर सोडून मांडीवर ठेवला. आणि का कोण जाणे, सुवर्णाबाईंना एकदम कार्तिकातला तो फोन आठवला.

आडवली हे त्यांचे माहेर. धाकटा भाऊ राजाराम तिथे स्ट्रॉबेरी पिकवी, आणि आक्काचा शब्द म्हणून त्याने खोऱ्यातली पहिली खिल्लार घेतली होती. त्याच्यामागोमाग निम्म्या वाडीने घेतली. महिनाभरातच त्याचा फोन आला.

"आक्का, तुझा बैल वैरण फार खातो बरं का. चौदाचं सांगितलंस, नऊ पडतंय. वाडीतले लोक मला विचारतात, राजारामा, आक्कानं दिलीय की गळ्यात मारलीय?"

"चालवतं कोण?"

"वृषाली."

वृषाली ही राजारामची सून; सासऱ्याला ती अण्णा म्हणे. नवरा सैन्यात, त्यामुळे गाडी, माल आणि बाजार तिने अंगावर घेतला होता. सुवर्णाबाईंनी फोन स्पीकरवर टाकायला लावला आणि साऱ्या घरादेखत विचारपूस केली.

"आत्या, रस्त्याला गाडी छान पळते," वृषाली म्हणाली. "पण पहाटे तळकुंडीत पेटी गार करायला इंजिन चालू ठेवलं, की काजळीचा दिवा लागतो. एकदा तर आपोआप बंदच पडली. आणि तिथं माझंही डोकं जड होतं."

तळकुंडी म्हणजे आडवलीच्या मळ्यांमधली एक खोलगट जागा. माल डोक्यावरून वाहायचा तर चढापेक्षा उतार बरा, म्हणून सर्व बांधांवरच्या पाट्या तिथेच उतरत, आणि गाड्याही आधीपासून तिथेच जाऊन उभ्या राहत.

"पहाटे उठायची सवय नसली की डोकं जड होतंच," सुवर्णाबाई म्हणाल्या होत्या. "आणि डोक्याचं सोड, तुझा पाय जड आहे, मुली. अ‍ॅक्सिलरेटर म्हणजे उखळातलं मुसळ नव्हे."

मागे राजाराम हसला होता. वृषाली हसली नव्हती.

"तक्रारी मी पाहिल्या," सुवर्णाबाई आता फिरोजना सांगू लागल्या. आवाज नेहमीचा होता, पण त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली. "एकाच खोऱ्यातल्या सगळ्या गाड्यांमध्ये ज्वलन थंड पडत होतं. थंड ज्वलन म्हणजे काजळी. काजळी साठली की धुराच्या नळीतली गाळणी ती जाळून टाकते, आणि जाळायला डिझेल लागतं. अ‍ॅव्हरेज तिथे जात होतं."

"ज्वलन थंड का पडत होतं?"

"आत येणाऱ्या हवेत प्राणवायू कमी भरत होता."

"का?"

हाच प्रश्न विचारायला हाताखालचे एखादे पोर विसरले असते, तर त्यांनी त्याला खोलीबाहेर उभे केले असते.

"उंची, धुकं, संवेदकाची चूक. मी शोधत बसले नाही. गाड्या लोकांच्या दारात उभ्या होत्या आणि माझं नाव चव्हाट्यावर होतं. प्रत्येक डिझेल इंजिन आपलाच थोडा धूर पुन्हा आत घेतं, ज्वलन फार तापू नये म्हणून. मी नियंत्रकाला शिकवलं, की बाहेरची हवाच जर धुरासारखी असेल, तर स्वतःचा धूर घेऊ नकोस आणि इंधन जरा आधी सोड. ही दूरदुरुस्ती सगळ्या गाड्यांना इथूनच पाठवली. दुसऱ्या दिवसापासून अ‍ॅव्हरेज तेरावर."

"लोकांना सांगितलंत?"

"नाही."

सांगायचे म्हणजे इंजिन चुकले असे कबूल करायचे. राजारामचा पुन्हा फोन आला होता, भलत्याच खुशीत. 'आक्का, तुझंच खरं. आता साडेतेरा पडतंय.' त्यांना एवढेच ऐकू आले होते, की तुझंच खरं. खरे काय ते सांगायला एक वाक्य पुरले असते. त्यांनी विचारले होते, यंदा फळ कसे आहे.

"आता माझं ऐका," फिरोज म्हणाले. "आम्ही कर्बवायू बेसॉल्टच्या थरांत भरतो. तिथे त्याचा हळूहळू दगड होतो. पण दगड व्हायला वेळ लागतो, आणि मधल्या काळात कोठाराचा दाब टिकावा लागतो. दोन महिने तो उतरतोय. वायू कुठे तरी बाहेर पडतोय, पण भेगेतून मैलोन् मैल सरकून कुठे निघेल, हे सांगता येत नाही. डोंगरभर माझे संवेदक बोटांवर मोजण्याइतके. काल कुणीतरी म्हणालं, एका खोऱ्यात एका गाडीचं अ‍ॅव्हरेज पडतं. मला झोप लागली नाही. इंजिन हवा घेतं, पार्टेबाई. डोंगरात हवा घेऊन तिची नोंद ठेवणाऱ्या इतक्या वस्तू दुसऱ्या कुणाजवळ आहेत?"

"कर्बवायू हवेपेक्षा जड," सुवर्णाबाई सावकाश म्हणाल्या.

"वारा नसलेल्या थंडीच्या पहाटे तो खोलगट जागी पाण्यासारखा साठतो. तुमची इंजिनं तक्रार करत होती. तुम्ही त्यांचं तोंड दाबलंत."

त्यांना असे कोणी बोलल्याला कित्येक वर्षे झाली होती. त्यांनी संगणकाचा पडदा चालू केला आणि आडवलीच्या गाड्यांच्या नोंदी काढल्या. नियंत्रकाला आता खराब हवेची अडचण होत नव्हती, पण हवा तो अजूनही इमानाने मोजत होता. तळकुंडीतल्या पहाटेच्या हवेतल्या कर्बवायूची रेघ दुरुस्तीच्या दिवसापासून चढत गेली होती, आणि आजची रेघ कड्यासारखी सरळ उभी होती.

फिरोज खुर्चीतून उठले. "दहावा हिस्सा कर्बवायू. सुवर्णा, या हवेत माणसाला आपण गुदमरतोय हे कळायलाही वेळ मिळत नाही. आधी धाप लागते, मग गुंगी येते. काही मिनिटांचा खेळ."

"दुरुस्ती नसती, तर या हवेत गाळणी तुंबून इंजिन आपोआप बंद पडलं असतं," त्या म्हणाल्या. "चालवणारा शिव्या देत उतरला असता आणि वर चालत गेला असता."

"आत्ता तिथे गाडी आहे?"

"एक." तिचा क्रमांक त्यांना पाठ होता. "उभी आहे. इंजिन चालू, पेटी गार होतेय. वीस मिनिटं झाली." पडद्यावर त्या गाडीचे सगळे निर्देशक हिरवे होते. असे निर्दोष इंजिन त्यांनी चाचणीच्या खोलीतसुद्धा पाहिले नव्हते.

फिरोज दाराशी जाऊन फोनवर बोलू लागले. कोठाराच्या चौकीवर प्राणवायूच्या श्वासपेट्या घेतलेली माणसे होती, पण चौकी डोंगरापलीकडे होती. सुवर्णाबाईंनी वाटेवरच्या दोन खिल्लार पाहिल्या, त्या तळकुंडीकडे उतरत होत्या. त्यांनी त्या दोन्हींवरची दुरुस्ती मागे घेतली, त्यांचा वेग उतरवला आणि इंजिने बंद केली. त्या दोन माणसांनी आता हवे तर सुवर्णाबाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार करावा.

मग त्यांनी वृषालीचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली. प्रत्येक घंटीबरोबर त्यांना ती स्टिअरिंगवर डोके टेकलेली दिसत होती.

"बोला, आत्या."

सुवर्णाबाईंनी टेबलाची कड धरली. आवाज स्वच्छ होता, सकाळच्या थंडीने किंचित कापरा.

"कुठे आहेस तू?"

"वरच्या बांधावर. खुडणीच्या बायका जमल्यात, आता पाट्या घेऊन उतरतोच आहोत."

"आणि गाडी?"

"गाडी अण्णांनी नेली. पेटी गार करायला ते आधी जातात. दिवाळीनंतर तेच चालवतात." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि असता तर बरे झाले असते. "तुम्ही पाय जड आहे म्हणालात ना. अण्णांनी चावी काढून घेतली, आणि खोटं कशाला बोलू, त्यांच्या हातात गेल्याबरोबर अ‍ॅव्हरेज आलं. सगळ्या वाडीला सांगतात. मलाही पटलं मग. काही काम होतं का त्यांच्याशी?"

"वृषाली, नीट ऐक. एकाही बाईने खाली उतरायचं नाही. तूसुद्धा नाही. तळकुंडीत विषारी वायू साठलाय. बायकांना घेऊन चढावर जा, जितकं उंच जाता येईल तितकं."

पलीकडे तिने कोणाला तरी हटकल्याचे ऐकू आले. पाट्या जमिनीवर ठेवल्या गेल्या. मग ती पुन्हा फोनवर आली.

"अण्णांना दुसऱ्या फोनवरून लावला. उचलत नाहीत."

"माणसं येताहेत, श्वासपेट्या घेऊन. तोपर्यंत कुणी जायचं नाही. जो जाईल तो तिथेच पडेल."

"पण आत्या, काही तरी चुकतंय तुमचं." वृषाली भराभर बोलू लागली, जणू मोठ्या माणसाला समजावून सांगायची संधी तिला पहिल्यांदाच मिळाली होती. "धुक्यात दिसत नाही, पण गाडीचा आवाज येतोय इथवर. अगदी एकसारखा चाललाय. हवा असल्याशिवाय इंजिन चालतं का? इंजिन चालतंय म्हणजे अण्णांनाही हवा मिळतेयच की. मी पळत जाऊन बघून येते."

"नको." सुवर्णाबाईंनी आयुष्यभर हुकूम सोडले होते, पण हा शब्द त्यांच्या तोंडून हुकमासारखा निघाला नाही. "तू म्हणतेस ते आधी खरं होतं. आता नाही. माणूस ज्या हवेत गुंगून पडतो, त्या हवेत ते इंजिन चालतं. तसं मी केलंय, इथे बसून, कुणाला न सांगता. अ‍ॅव्हरेज त्याने आलं. अण्णांच्या हाताने नाही." त्यांनी श्वास घेतला. "तुझा पाय कधीच जड नव्हता, बाळ."

फोन चालू ठेवूनच वृषालीने बायकांना चढावर जायला सांगितले. तिचा आवाज कोरडा होता आणि बायका निमूट निघाल्या, हे बांगड्यांच्या लांब जाणाऱ्या आवाजावरून कळले. ती स्वतः मात्र बांधावरच उभी राहिली असावी, कारण तिच्यामागून आता ते इंजिन फोनवरही ऐकू येऊ लागले होते.

"मग बंद करा ते," ती म्हणाली. "तिथून करता येतं ना तुम्हाला? ऐकवत नाही मला."

सुवर्णाबाईंचा हात कळीवर गेला. दाराशी उभ्या असलेल्या फिरोजनी आपल्या फोनवर तळवा ठेवला आणि मान हलवली.

"राहू दे," ते हळू म्हणाले. "चौकीची माणसं निघालीत. धुकं दाट आहे, झाडोरा आहे. शेवटची वाट त्यांना त्या आवाजावरच काढायची आहे."

सुवर्णाबाईंनी हात मागे घेतला आणि वृषालीला तसे सांगितले. इंजिन कुठेही अडखळत नव्हते.