तांडेलचा मळका हात

घासूनपुसून लख्ख केलेला हात आजारी आणि मळका हात ठणठणीत, असं कुठे असतं का? पण तांडेलचं तसंच झालं होतं.

तांडेल हा खाडीच्या बांधावरचा यंत्रमानव. भरती आली की उजव्या हाताने जड झडप ओढायची आणि खारं पाणी भातशेतीत शिरू द्यायचं नाही, हे त्याचं काम. खंडेनवमीला अवजारांबरोबर त्याचीही पूजा व्हायची. म्हणून नेत्राने चार दिवस आधीच, पितळी समई घासावी तसा चिंचेने त्याचा उजवा हात घासला. चिंच संपली आणि डावा तसाच मळका राहिला. चकाकी टिकावी म्हणून तिने ओल्या हातालाच प्लॅस्टिक गुंडाळलं. पूजेच्या दिवशी सोडून बघते, तर सगळीकडे पांढरी भुकटी.

नेत्राने रेवाआत्याला हाताला धरून बांधावर आणलं. "आत्या, याचा हात गेला का गं?"

रेवाआत्या धातूंची शास्त्रज्ञ होती. तिने भुकटी बोटावर घेतली. "हा गंज लोखंडाचा नाही, जस्ताचा. तांडेलला जस्तलेपन (लोखंडावर चढवलेला जस्ताचा पातळ थर) केलंय."

"जस्तही गंजत असेल तर उपयोग काय?"

"गंजतं, पण शहाण्यासारखं. मोकळ्या हवेत ओलं-सुकं होता होता त्यावर कार्बोनेटचा (जस्त, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळून झालेल्या पदार्थाचा) राखाडी, चिवट पापुद्रा धरतो. तू मळ समजून घासलंस ना, तेच त्याचं चिलखत. चिंचेच्या आंबटपणाने ते विरघळलं. वर प्लॅस्टिकमध्ये आपल्याकडची दमट, खारी हवा कोंडली. नवं चिलखत धरणार कसं?"

"मला गुदगुल्या आवडत होत्या, म्हणून मी तिला थांबवलं नाही," तांडेल म्हणाला.

आत्याने थराची जाडी मोजणारं यंत्र हाताला टेकवलं.

"जस्त पुष्कळ शिल्लक आहे. ओरखडा पडला, तरी शेजारचं जस्त आधी स्वतः झिजतं, लोखंडाला झिजू देत नाही. इतकी वर्षं या खाऱ्या वाऱ्यात ते हेच करतंय. मला तर त्याचं फार कौतुक वाटतं. ओरखडे आपले आपण बुजवणारी लेपनंही आम्ही शोधतोय, पण ती शिकणार आहेत या जस्ताकडूनच."

नेत्राने भुकटी हळूच झाडली. मग ती रोज गोड्या पाण्याने हात धुऊ लागली आणि वाऱ्यावर सुकू देऊ लागली. दिवाळी गेली, थंडी आली. एका सकाळी ती बांधावरून धावतच घरी आली.

"आत्या, तांडेलचा हात मळला."

"मग घासून काढ की," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"नको," आत्या आणि नेत्रा एकदमच ओरडल्या.