प्लूटोला रांगेत जागा नाही

ऋजुताला आपली ओळ आठवेना. रंगीत तालीम (कपडे, रंग, दिवे यांसह होणारी शेवटची तालीम) ऐन रंगात आली होती. आठ ग्रह आपापली ओळ बोलून रांगेत उभे राहिले होते आणि नवव्याची, म्हणजे तिचीच, दातखीळ बसली होती. तिनं हळूच डाव्या विंगेत पाहिलं.

तिथे विंगेश्वर उभा होता. कुणी अडखळलं की पडद्याआडून पुढचा शब्द कुजबुजणारा हा यंत्रमानव नाट्यमंडळानं यंदाच आणला होता. कारखान्यानं त्याला नावाऐवजी लांबलचक आकडा दिला होता, म्हणून पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं उरकून टाकलं. आजवर त्यानं कुणालाही तोंडघशी पाडलं नव्हतं.

"विंगेश्वर, सांग ना," ऋजुता ओठ न हलवता म्हणाली.

"ओळ मला माहीत आहे," तो म्हणाला. "पण सांगणार नाही. 'मी प्लूटो, नववा ग्रह' हे खरं नाही."

नेपच्यून झालेल्या जुबेरच्या हातातला निळा गोळा खाली पडून गडगडत गेला, तरी तो उचलायचं कुणाला सुचेना.

कुरुंदवाडच्या या मंडळात मुलांच्या नाटकाआधी नवग्रहांची नांदी व्हायची. पूर्वी तिच्यात सूर्य, चंद्र, राहू, केतूही असायचे. यंदा, २०६२ साली, दिग्दर्शक उपाध्येकाकांनी ठरवलं की सूर्याभोवती फिरणारे खरे ग्रहच आणायचे. पण नऊचा आकडा सोडायला ते तयार नव्हते. नांदीत एक जरी कमी उभा राहिला तर प्रयोग आपटतो, यावर मंडळात सगळ्यांचा विश्वास होता. काका लहानपणी शाळेत नऊ ग्रह शिकले होते. त्यानंतर ते नाटकात शिरले आणि आकाशाशी त्यांचा संबंध तुटला तो तुटलाच. मुलं पाचवीतली, आणि ग्रहांचा धडा सहावीला.

"अरे, नाटकात सगळं खोटंच असतं," जुबेर म्हणाला. "परवा राक्षसाचं भाषण तर घडाघडा सांगत होतास."

"राक्षस खोटा आहे हे प्रेक्षकांना ठाऊक असतं. ही ओळ मात्र ते खरी समजून घरी नेतील. प्लूटो २००६ सालापासून ग्रहांत नाही."

काका मटकन खुर्चीत बसले. "मी दहा-अकरा वर्षांचा असेन तेव्हा," ते पुटपुटले. "आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही."

ऋजुता मात्र पुरती हबकली होती. तीन वर्षं ती याच रंगमंचाचा पडदा ओढत आली होती. आत्ता कुठे तिला काम मिळालं होतं, तेही एका ओळीचं, आणि आता ती ओळही गेली. "मग मी पडद्याकडेच जाऊ का?" तिनं विचारलं. तिचे डोळे भरून आले होते. "प्लूटोनं असं काय वाईट केलं?"

"काही नाही. ये, दाखवतो." विंगेश्वर पहिल्यांदाच विंगेबाहेर आला. त्यानं खडूनं दोन मोठी वर्तुळं काढली, एक जुबेरसाठी आणि एक ऋजुतासाठी. "या तुमच्या कक्षा (सूर्याभोवती फिरण्याच्या ठरलेल्या वाटा). ग्रह व्हायचं तर तीन कसोट्या आहेत. पहिली, सूर्याभोवती फिरतेस का?"

"फिरते," ऋजुता म्हणाली.

"दुसरी, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणानं (सगळीकडून आत ओढणाऱ्या बळानं) गोल झालीस का?"

"झाले."

"आता तिसरी, आपली वाट मोकळी केलीस का?" त्यानं पडदा ओढणाऱ्या चार मुलांना बोलावून तिच्या वर्तुळावर उभं केलं. "चाल."

ऋजुता निघाली आणि लगेच एकीला धडकली. बाजूला झाली तर दुसरा आडवा आला.

"नेपच्यूनपलीकडे असे हजारो बर्फाळ गोळे आहेत," विंगेश्वर म्हणाला. "मोठा ग्रह आपल्या वाटेवरच्या लहान गोळ्यांना गिळतो, भिरकावतो किंवा आपल्या तालावर फिरवतो. नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेव्हा प्लूटोच्या दोन. ताल नेपच्यूनचा. प्लूटोला ही तिसरी कसोटी जमली नाही, म्हणून तो बटुग्रह (गोल, पण वाट मोकळी न करू शकलेला)."

"म्हणजे हाकललंच की त्याला."

"त्याला अजून पत्ताही नाही. त्याचा बर्फ, त्याचे पाच चंद्र, सगळं होतं तिथेच आहे. माणसांना जास्त कळलं, म्हणून माणसांनी याद्या बदलल्या. पूर्वी ताऱ्यांमधून सरकताना दिसेल तो ग्रह, म्हणून सूर्यही ग्रह होता आणि पृथ्वी नव्हती."

पायाखालच्या जमिनीलाच ग्रहांत जागा नव्हती, हे ऐकून जुबेरनं आ वासला.

"मग यादी पुन्हा बदलेल?" ऋजुतानं विचारलं.

"बदलू शकते. शास्त्रज्ञ अजून भांडतात. पुढचे भांडणारे आत्ता पाचवीत असतील."

"ते सगळं ठीक आहे रे," काका कळवळून म्हणाले. "पण माझे आठच उरले. उद्या प्रयोग आहे, आणि या पोरीला मी नाही कसं म्हणू?"

ऋजुता वर्तुळावर उभ्या असलेल्या चौघांकडे पाहत होती. तीन वर्षं तिच्याबरोबर दोर ओढणारी ही मुलं. "काका," ती म्हणाली, "आठच जण रांगेत उभे राहू देत. मला फक्त दार वापरू द्या. मागचं."

दुसऱ्या दिवशी रात्री नाट्यगृह भरलं. आठ ग्रह बोलले, नांदी संपली असं वाटलं आणि टाळ्या सुरू झाल्या. मंडळातली जुनी माणसं मात्र एकमेकांकडे पाहू लागली. नववा कुठे आहे?

तेवढ्यात प्रेक्षागृहाचं मागचं दार उघडलं. हातात लहानसा दिवा घेऊन ऋजुता खुर्च्यांमधून तिरकी चालत आली. प्लूटोची वाट इतर ग्रहांच्या मानानं तिरकीच आहे. प्रेक्षकांच्या माना वळल्या. ती रंगमंचावर चढली आणि रांगेपासून दूर थांबली. आज तिला विंगेतून कुणी सांगायची गरजच नव्हती.

"मी प्लूटो," ती म्हणाली. "या रांगेत मला जागा नाही. आमची रांग तुमच्या मागे आहे."

सगळं नाट्यगृह दचकून मागे वळलं. अंधारात चार दिवे लागले होते. पडदा ओढणारी मुलं एकेका बटुग्रहाचं नाव घेत पुढे येत होती: सेरेस, एरिस, हौमेया, माकेमाके. पहिल्या रांगेतली एक चिमुरडी खुर्चीवर उभी राहून दारापलीकडच्या काळोखात डोळे ताणून पाहत होती.

"अजून किती आहेत?" तिनं मोठ्यानं विचारलं.

"मोजून व्हायचेत," ऋजुता म्हणाली. "येतेस?"