सहा फुटांचा ओटा

"आई, या दुकानदाराचं काही ऐकू नकोस हं. आणि मागे तो उंच माणूस आहे ना... अर्धा तास झाला बिजागऱ्या निवडतोय. जसा काही मुलगीच बघायला आलाय!"

झाशीच्या मानिक चौकात, भर गर्दीत, वसुंधरा हे खुशाल मोठ्यानं म्हणाली. बाजारात मराठी बोललं की कुणाला म्हणून कळत नाही, हा तिचा लहानपणापासूनचा अनुभव. चौसष्ट साली झाशीत मराठी घरं होती तरी किती?

"मुलगी बघायला गेलो असतो," मागून शुद्ध मराठीत आवाज आला, "तर एव्हाना पोहे तरी मिळाले असते."

वसुंधरेचे कान लाल झाले. हातातली बिजागरी हातातच राहिली.

"ले जाओ बिटिया, पीतल के कब्जे हैं, उमर भर चलेंगे," दुकानदार बिजागऱ्या पुढे सरकवत म्हणाला.

"घेऊ नका," तो उंच माणूस हळूच म्हणाला. "वरून पितळ आहे, आतली सळई लोखंडी. गंजेल."

"मी मघाशी... म्हणजे तुम्हाला—"

"असू द्या हो. बाजारात मराठी ऐकायला मिळालं, हेच पुष्कळ!"

त्याचं नाव दत्तात्रेय वझे. रेल्वेच्या कारखान्यात तो नकाशे काढायचा, आईसोबत राहायचा आणि त्याचं लग्न व्हायचं होतं. एवढी माहिती कमळाबाईंनी, म्हणजे वसुंधरेच्या आईनं, चौक ओलांडायच्या आत काढून घेतली. शिवाय रविवारी घरी येऊन स्वयंपाकघर मोजायचं कबूलही करून घेतलं. वसुंधरेचे वडील बापूराव रेल्वेत गार्ड होते. त्यांना नवं क्वार्टर मिळालं होतं, पण त्यातलं स्वयंपाकघर एवढंसं, की आत दोघी उभ्या राहिल्या तर परात दाराबाहेर ठेवावी लागे.

रविवारी तो आला तेव्हा कमळाबाई लेकीच्या कानाशी लागल्या. "हात सांभाळ गं."

वसुंधरा डावखुरी होती. पहिल्या स्थळासमोर तिनं डाव्या हातानं वाढलं, दुसऱ्यासमोर डाव्या हातानं चिठ्ठी लिहिली, आणि दोन्हीकडून नकार आला. "डाव्या हाताचा स्वयंपाक देवाला कसा चालायचा?" असा निरोपही आला होता. तेव्हा तिला राग आला होता. आज मात्र भीती वाटत होती, कारण हा माणूस तिला आवडला होता. अगदी त्या बिजागरीपासून!

तिनं उजव्या हातानं चहा पुढे केला. अर्धा बशीत सांडला.

"बशीत चहा आहे की चहात बशी?" दत्तात्रेयानं विचारलं.

"तुम्हाला बशीतूनच आवडत असेल, म्हटलं," ती म्हणाली. तो हसला तशी तिची भीती आणखीच वाढली.

मग तो रविवारमागून रविवार येत राहिला. आगगाडीतल्या बर्थसारखी भिंतीला मिटणारी फळी त्यानं केली. शेगडीखाली कोळशाचा खण केला, त्याला चाकं लावली. "ढवळताना कोपर कुठवर जातं, दाखवा पाहू," तो म्हणायचा, आणि वसुंधरा अवघडलेल्या उजव्या हातानं रिकामी कढई ढवळायची. तो तिच्याकडे बघायचा... मग वहीत काहीतरी लिहायचा. ती नकाशा वाचायला शिकली. तो तिच्या हातचे लाडू मागून खायला शिकला.

आणि एक दिवस स्वयंपाकघर पुरं झालं. कमळाबाई हरखल्या. वसुंधरेला मात्र रडू येत होतं, कारण आता मोजायला काही उरलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी तो तरीही आला. काखेत कागदाची गुंडाळी होती.

"हा आमच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघराचा नकाशा. चूक असेल तर सांगा."

तिनं कागद ओट्यावर पसरला आणि लगेच बोट ठेवलं. "हे सगळं उलटं झालंय. मसाल्याचे डबे डावीकडे, फळीही डावीकडे... कागद पालथा ठेवून गिरवलात का?"

"नाही. सुलटाच आहे."

"अहो, मग उजव्या हाताच्या माणसानं इथे काम कसं करायचं?"

"त्यानं करायचंच नाही. ही जागा डाव्या हाताच्या माणसासाठी आहे." तो कागदाची कड सरळ करू लागला. "म्हणजे... ती हो म्हणाली तर."

वसुंधरेनं कागद पुन्हा एकदा नीट पाहिला.

"कधीपासून... माहीत होतं?"

"मानिक चौकात बिजागरी डाव्या हातानं उघडझाप करत होतात. घरी आलो तर चहा उजव्या हातानं! मला वाटलं, हात दुखावलाय. दोन रविवार नुसता घोर लागला होता. मग एकदा तुम्ही डाव्या हातानं लाडू वळताना दिसलात."

ती हसली, पण लगेच गंभीर झाली. "आणि तुमच्या आईंना?"

"सांगितलं. दोन दिवस बोलली नाही." वसुंधरेनं कागदावरचं बोट काढून घेतलं. "मग म्हणाली, नकाशा दाखव. मी दाखवला. म्हटलं, तू उजवीकडे, ती डावीकडे. कामाचे हात दोघींचे बाहेरच्या बाजूला, म्हणजे सहा फुटांच्या ओट्यावर कोपराला कोपर लागत नाही. दोघी उजव्या असत्या तर सात फूट लागले असते, आणि सातवा फूट आपल्याकडे नाहीच!"

"मग?"

"मग म्हणाली, आधी विचारून ये. उगाच फळ्या कापून ठेवू नकोस."

किती वर्षांचं ओझं ते! ते असं एका वाक्यात उतरलं, आणि वसुंधरेला एकदम इतकं हलकं वाटलं की तिनं ओट्याची कड धरली. डोळे पुसून तिनं त्याची पेन्सिल उचलली. डाव्या हातानं.

"मसाल्याची फळी दोन इंच खाली घ्या," ती म्हणाली. "माझा हात पोचायचा नाही."

आणि तिनं चहा ओतला. काठोकाठ भरलेला कप डाव्या हातानं पुढे केला. बशी कोरडी ठणठणीत. दारातून कमळाबाई "हात—" म्हणाल्या आणि परत फिरल्या. गडबडलेल्या दत्तात्रेयानंही डावाच हात पुढे केला. अर्धा चहा बशीत गेला.

"बशीत चहा आहे की चहात बशी?" वसुंधरेनं विचारलं.

"मला बशीतूनच आवडतो," तो म्हणाला, आणि त्यानं बशी तोंडाला लावली.